खांदा डोक्याला लागला, तरी फाउल नाही?

७ डिसेंबर २०२१ ची रात्र, शिकागो. आइस हॉकीचा सामना, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध शिकागो ब्लॅकहॉक्स. शिकागोचा जुझार खैरा पक, म्हणजे खेळातली ती काळी रबरी चकती, घ्यायला पुढे झुकलेला, मान खाली, नजर बर्फावर. तेवढ्यात रेंजर्सचा जेकब ट्रूबा त्याला येऊन धडकतो, खांदा थेट डोक्याला. खैरा कोसळतो, डोकं बर्फावर आपटतं आणि तो हलायचा थांबतो. स्ट्रेचर येतं. स्टेडियम चिडीचूप.

त्या धडकेबद्दल रेफरीने ट्रूबाला काय शिक्षा दिली? काही नाही. मागाहून लीगने दिली? तीही नाही.

खैरा हे नाव आमच्या घरात माहितीचं होतं. कॅनडाच्या सरे गावातल्या पंजाबी कुटुंबातला हा मुलगा. एनएचएलपर्यंत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगपर्यंत पोहोचलेले त्या समाजातले खेळाडू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ती क्लिप बघताना माझा मुलगा म्हणाला, "आई, क्लीन हिट आहे हा."

"अरे, माणूस स्ट्रेचरवर गेला आणि क्लीन कसला?"

"पण त्याने मान खाली घातली होती ना!"

गेली कित्येक वर्षं या खेळात जो वाद चालू आहे, तो सगळा आमच्या सोफ्यावर दोन वाक्यांत होऊन गेला. मी बघत होते धडक खाणाऱ्याचं काय झालं ते. तो बघत होता धडक देणाऱ्याने काय केलं ते. नियमपुस्तक त्याच्या बाजूचं आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवी टर्फ डोळ्यांपुढे येते आणि तिथे अंगाला अंग घासलं तरी शिटी वाजते. बर्फावरच्या हॉकीत अंगावर जाणं हा खेळाचाच भाग आहे. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने, छातीने किंवा कमरेने धडक देऊन पकपासून तोडायचं, याला चेक किंवा बॉडीचेक म्हणतात. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून असे चाळीसेक हिट सहज होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत कुणाला काही होत नाही. मी कोल्हापूरची. लहानपणी बाबांबरोबर खासबागेत कुस्त्या पाहिल्यात, त्यामुळे अंगाशी अंग भिडण्याचं मला वावडं नाही. चांगला चेक बघताना मजा येते हे कबूल करते. समोरचा पक घेऊन सुसाट निघालेला असतो, बचाव करणारा कोन साधून त्याला अलगद भिंतीकडे ढकलत नेतो, खांदा लावतो आणि पक सुटते. यात कसब आहे.

पण मैदान कसलं आहे तेही बघा. एनएचएलचं रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. भोवती भिंत, भिंतीवर काच. पळून बाहेर जायला जागा नाही. आत दोन गोलरक्षक आणि दहा स्केटर, आणि स्केटर जोरात असला तर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने येतो. म्हणजे गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरचा वेग, फक्त ब्रेक नाही आणि समोरून दुसरी स्कूटर येतेय.

म्हणून धडकेला कुंपणं घातलेली आहेत. ज्याच्याकडे पक नाही त्याला धडकायचं नाही. पक नुकतीच सोडली असेल तर क्षणभराची मुभा आहे. कोपर वापरायचं नाही. लांबून धाव घेत किंवा उडी मारून जायचं नाही. भिंतीजवळ निराधार उभा असलेल्याला भिंतीवर आदळायचं नाही, पाठीमागून तर नाहीच नाही. या सगळ्या गोष्टींना फार पूर्वीपासून पेनल्टी आहे, म्हणजे दोन मिनिटं किंवा जास्त वेळ बाहेर बसायचं. डोक्याला मात्र २०१० पर्यंत स्वतंत्र संरक्षण नव्हतं. कोपर न उचलता, उडी न मारता, पक असलेल्या माणसाच्या डोक्यात खांदा घातला तर तो चांगला हिट. २००० साली स्कॉट स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला असाच आडवा केला होता, तोही उपांत्य फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात. पेनल्टी नाही. ती क्लिप पुढे कित्येक वर्षं टीव्हीवर थरारक क्षण म्हणून दाखवत.

पान उलटलं ते ७ मार्च २०१० ला, पिट्सबर्गमध्ये. बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डने गोलच्या दिशेने पक मारली, हात अजून त्या फटक्यातून पुरते खाली आले नव्हते आणि पक निघून गेलेली होती. पिट्सबर्गचा मॅट कुक त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेरून आला आणि थेट डोक्याला धडकून गेला. सॅव्हार्ड शुद्ध हरपून बर्फावर. कुकला त्या क्षणी पेनल्टी मिळाली नाही. दोन-तीन दिवस सगळे निलंबनाची वाट बघत राहिले आणि लीगने सांगितलं, निलंबन नाही. कारण? त्याने कुठला नियमच मोडलेला नव्हता.

लीगची फारच शोभा झाली. योगायोग असा की त्याच आठवड्यात सगळ्या संघांच्या व्यवस्थापकांची बैठक फ्लोरिडात चालू होती. वर्षानुवर्षं पुढे ढकललेला विषय तिथे निघाला, मार्च संपायच्या आत तात्पुरती तरतूद झाली आणि पुढच्या हंगामापासून नियम क्रमांक ४८ आला: डोक्यावरचा बेकायदा चेक.

सॅव्हार्ड मे महिन्यात परतला आणि फिलाडेल्फियाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल करून गेला. ते बघून अनेकांनी हुश्श केलं असणार. जानेवारी २०११ मध्ये कोलोरॅडोविरुद्ध त्याला पुन्हा धडक बसली. साधीच होती. तो त्याचा शेवटचा सामना. त्याच वर्षी बॉस्टनने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला आणि क्लबने खास विनंती करून कपावर त्याचं नाव कोरून घेतलं.

आता नियम ४८ नीट वाचू, कारण सगळी गोम तिथे आहे. पहिल्या आवृत्तीत फक्त बाजूने किंवा नजरेआडून आलेली धडक धरली होती. वर्षभरात ते शब्द गेले, म्हणजे समोरून आलेली धडकही आत आली. २०१३ मध्ये भाषा पुन्हा घासूनपुसून घेतली. आजचा अर्थ असा: धडकेत डोकं हाच मुख्य आघाताचा भाग असला पाहिजे आणि तो आघात टाळता येण्यासारखा असला पाहिजे. दोन्ही अटी हव्यात.

टाळता येण्यासारखा होता का, हे कसं ठरवायचं? नियम तीन गोष्टी बघायला सांगतो. धडक देणारा अंगावरच जात होता, की चुकीच्या कोनातून, चुकीच्या वेळी किंवा विनाकारण वर उसळून त्याने डोकं तेवढं टिपलं? धडक खाणारा आधीपासून अशा अवस्थेत होता का, की अंगाला धडक देताना डोकं मध्ये येणारच होतं? आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याने अंग किंवा डोकं हलवलं का?

तीनपैकी दोन प्रश्न मार खाणाऱ्याविषयी आहेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पुन्हा वाचावं लागलं. खैराच्या बाबतीत तेच झालं. तो पुढे वाकलेला, त्यामुळे डोकं खांद्याच्या उंचीवर आलेलं. ट्रूबाने कोपर आत ठेवलं होतं, उडी मारली नव्हती, अंगातूनच गेला. नियमाच्या कोष्टकात घातलं तर उत्तर "कायदेशीर" असंच येतं. मुलाचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला नियमाबद्दल शंका आहे.

इथे प्रशिक्षक एक वाक्य वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत: "मान वर ठेव!" सल्ला अगदी योग्य आहे. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, असं मीही मुलाला सांगते. म्हणून बेफाम गाडी हाकणाऱ्याचा परवाना कुणी शाबूत ठेवत नाही.

त्यात मान वर ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. २००४-०५ चा आख्खा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला. खेळ परत सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांना खेचायला लीगने तो मोकळा केला. पूर्वी स्वतःच्या टोकाच्या पट्ट्यातून मधली लाल रेषा ओलांडणारा लांब पास देता येत नसे, ती बंदी उठली. प्रतिस्पर्ध्याला काठीने अडकवणं, हाताने धरून ठेवणं हे पंच पूर्वी पोटात घालत, त्यावर सर्रास पेनल्टी बसू लागली. खेळ देखणा झाला. पण त्या धरपकडीने वेगाला लगाम होता तो गेला. आता लांबून आलेला पास घ्यायला खेळाडू मागे वळून बघतो आणि समोरून येणारा बचावपटू अडथळ्याविना पूर्ण वेगात त्याच्यावर येतो. असा पास देणाऱ्यावर सहकारी चिडतात, 'हॉस्पिटल पास' म्हणतात त्याला. तेव्हा मान खाली गेली यात दरवेळी त्या खेळाडूचाच हलगर्जीपणा असतो असं नाही. खेळाची रचनाच त्याला तसं करायला लावते.

हेल्मेट आहे ना, असं माझ्या आईने फोनवर विचारलं होतं. आहे, पण हेल्मेट वाचवतं ते कवटीला. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात असतो. जबड्याला बाजूने खांदा लागला की डोकं झटक्यात फिरतं आणि मेंदू मागे राहून मग ओढला जातो. पाण्याने भरलेली बादली गर्रकन फिरवून पाहा, बादली फिरते आणि पाणी जरा वेळ तिथेच राहतं. या ओढाताणीत मेंदूतले नाजूक धागे ताणले जातात, त्याला कन्कशन म्हणतात. बाहेर जखम नसते आणि बऱ्याचदा स्कॅनही स्वच्छ येतो. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, शब्द न सापडणं, चिडचिड. कुणाचं आठवड्यात ओसरतं, कुणाचं वर्षभर नाही. खांद्यावरच्या पॅडचं कवच कडक प्लॅस्टिकचं असतं, ज्याने घातलं त्याचा खांदा वाचतो आणि समोरच्याला ते दगडासारखं लागतं.

हे किती कपटी असतं ते सिडनी क्रॉस्बीने सगळ्यांना दाखवलं. हा त्या काळातला खेळातला सर्वांत मोठा तारा. १ जानेवारी २०११ ला उघड्यावरच्या सामन्यात त्याच्या डोक्याला धडक बसली. तो खेळत राहिला. चार दिवसांनी पुढच्याच सामन्यात भिंतीजवळ पुन्हा बसली. त्यानंतर तो २१ नोव्हेंबरला बर्फावर परतला. साडेदहा महिने! परतल्यावर पहिल्याच सामन्यात दोन गोल केले आणि दोन गोलांना हात लावला, आणि काही आठवड्यांत लक्षणं पुन्हा उलटली. सॅव्हार्डच्या वेळी डोळे किलकिले करणारी लीग क्रॉस्बीच्या वेळी खडबडून जागी झाली, असं कुणी म्हटलं तर मी तरी वाद घालणार नाही. मार्च २०११ पासून संशय आल्यास खेळाडूला बाकावरून उठवून शांत खोलीत नेऊन डॉक्टरने तपासायचं, असं ठरलं. २०१६ पासून न्यूयॉर्कमध्ये बसून सामने बघणारे निरीक्षक थेट सांगू शकतात की अमक्याला बाहेर काढा. पूर्वी हा निर्णय ज्याला जिंकायचं होतं त्याच्याच हातात होता.

त्याच मार्चमध्ये आणखी एक प्रकरण झालं, आणि ते मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतं. मॉन्ट्रियलमध्ये बॉस्टनच्या झ्देनो चाराने मॅक्स पॅचिओरेटीला भिंतीकडे रेटलं. चारा ६ फूट ९ इंचांचा, खेळातला सर्वांत उंच माणूस. धडक जिथे झाली तिथे खेळाडूंच्या बाकांपुढची काच संपत होती आणि काचेच्या टोकाला खांब होता. पॅचिओरेटीचं डोकं त्या खांबावर. मानेचा मणका मोडला, कन्कशन झालं. चार मीटर अलीकडे तीच धडक झाली असती तर दोन मिनिटांची पेनल्टी होऊन सगळे विसरले असते. चाराला सामन्याबाहेर काढलं, पण निलंबन केलं नाही. मॉन्ट्रियलच्या पोलिसांनी चौकशी केली, खटला झाला नाही. एअर कॅनडाने प्रायोजकत्व काढून घेण्याची धमकी दिली.

मग काय बदललं? काच. पुढच्या हंगामापासून त्या टोकांना वळणदार काच बसली, आदळलेला माणूस त्यावरून घसरत पुढे जातो. माणसांना बदलण्यापेक्षा इमारतीला बदलणं सोपं गेलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांतल्या सगळ्या सुधारणांत हीच एक आहे जिच्यावर मला कुणी भांडताना दिसलं नाही.

शिक्षेचं काम २०११ पासून एका स्वतंत्र खात्याकडे आहे, खेळाडू सुरक्षा विभाग. कार्यालय न्यूयॉर्कला. हंगामाचे तेराशेच्या वर सामने तिथे बघितले जातात आणि संशयास्पद धडका बाजूला काढल्या जातात. पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहॅन, स्वतः नावाजलेला खेळाडू. त्याने निकालाबरोबर व्हिडिओ द्यायची पद्धत घातली: हा बघा कोन, इथे पाय उचलले, इथे डोकं आधी लागलं, म्हणून इतके सामने. ते व्हिडिओ मी आवडीने बघते, निवाड्याची कारणमीमांसा इतकी उघड फार कमी ठिकाणी वाचायला मिळते. २०१७ पासून प्रमुखपदी जॉर्ज पॅरोस आला. प्रिन्स्टनचा पदवीधर, आणि मैदानावर त्याचं काम होतं मारामाऱ्या करणं. २०१३ मध्ये एका मारामारीत तोंडावर पडून त्यालाच कन्कशन झालं होतं. या नेमणुकीवर बरेच जण हसले. दुसरे म्हणाले, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

पाचपेक्षा जास्त सामन्यांचं निलंबन द्यायचं तर खेळाडूला समोरासमोर सुनावणी देऊ करावी लागते, नाहीतर फोनवर भागतं. निर्णय पटला नाही तर कमिशनर गॅरी बेटमनकडे अपील, आणि सहा किंवा अधिक सामने असतील तर पुढे तटस्थ लवाद. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनला २०१८ मध्ये सरावाच्या सामन्यातल्या एका धडकेसाठी २० सामने मिळाले, साधारण वर्षभरातलं त्याचं ते चौथं निलंबन. अपील फिरत राहिलं आणि श्याम दास नावाच्या लवादाने शिक्षा १४ सामन्यांवर आणली, तोवर त्याचे १६ सामने बसून झाले होते. सर्वांत जबर शिक्षांपैकी एक राफी टोरेसची. २०१२ मध्ये २५ सामने (अपिलात २१ झाले), आणि २०१५ मध्ये पुन्हा तसंच केल्यावर ४१, म्हणजे बरोबर अर्धा हंगाम.

निलंबन चावतं, कारण त्या काळाचा पगार कापला जातो. दंडाचं मात्र हसू येतं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेमधल्या करारात कमाल रक्कम बांधलेली आहे आणि बातम्यांत येते ती बहुतेक वेळा ५,००० डॉलर. मिळकत लाखो डॉलरची. मे २०२१ मध्ये याच विल्सनने रेंजर्सच्या पालथ्या पडलेल्या खेळाडूला ठोसा लगावला आणि मग आर्टेमी पानारिन या त्यांच्या मुख्य खेळाडूला बर्फावर आपटलं. दंड ५,००० डॉलर, निलंबन नाही. रेंजर्सनी चिडून पत्रक काढलं की पॅरोस या पदाला लायक नाही. त्या पत्रकाबद्दल लीगने क्लबला २,५०,००० डॉलर दंड केला. मारण्यापेक्षा बोलणं पन्नास पट महाग पडलं. दोन दिवसांनी हेच संघ पुन्हा समोर आले आणि पक पडताक्षणी तीन जोड्यांनी हातमोजे फेकले. पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या. खाकी वर्दीवरचा विश्वास उडाला की मोहल्ला काय करतो, ते बर्फावर बघायला मिळालं.

शिक्षा इतक्या बेताच्या का, याचं एक कारण सहसा कुणी बोलत नाही. खेळाडूंची संघटना एकच आहे, आणि धडक देणारा व खाणारा दोघेही तिचेच सभासद. सुनावणीत संघटना उभी राहते ती आरोपीच्या बाजूने, ते तिचं कामच आहे. स्ट्रेचरवर गेलेल्याच्या बाजूने त्या खोलीत वकील नसतो.

मारामारी करणाऱ्यांविषयी थोडक्यात. प्रत्येक संघात पूर्वी एकदोन दांडगे असत, आमच्या ताऱ्याला हात लावलास तर गाठ माझ्याशी. हीच खरी सुरक्षा, असं मानणारे आजही भेटतात. त्या विचाराचं टोक म्हणजे मार्च २००४. स्टीव्ह मूरने आधीच्या सामन्यात व्हँकुव्हरच्या कर्णधाराला धडक दिली होती. त्याचा हिशेब चुकवायला टॉड बर्टुझीने मूरला मागून ठोसा मारून बर्फावर दाबलं. मूरच्या मानेचे मणके मोडले, तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्टुझीने फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि दिवाणी दावा मिटायला २०१४ उजाडलं. दांडग्यांचंही भलं झालं नाही. डेरेक बूगार्ड २०११ मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकाने गेला, वय २८. बॉस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला. डोक्याला वारंवार बसलेल्या मारांशी जोडला जाणारा मेंदूचा हा ऱ्हास आजही खात्रीने ओळखता येतो तो मृत्यूनंतरच. माजी खेळाडूंनी लीगवर खटला भरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३१८ जणांशी १ कोटी ८९ लाख डॉलरवर तडजोड झाली, लीगने जबाबदारी मान्य न करता. हॉकी आणि सीटीई यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, हेच बेटमन जाहीरपणे सांगत आले आहेत.

आता माझं म्हणणं. त्यासाठी याच नियमपुस्तकातलं दुसरं पान उघडते, हाय-स्टिकिंगचं. तुमची काठी समोरच्याच्या चेहऱ्याला लागली तर पेनल्टी. चुकून लागली? पेनल्टी. तो वाकला म्हणून लागली? तरी पेनल्टी. रक्त आलं तर दुप्पट, चार मिनिटं. फटका मारल्यानंतर ओघात फिरलेल्या काठीसारखे एकदोन अपवाद सोडले तर हेतू कुणी विचारत नाही. काठी तुझी आहे, ती कुठे जाते ते बघणं तुझं काम. याने खेळ संपला का? उलट खेळाडू काठी खाली ठेवायला शिकले.

मग नव्वद किलोचा खांदा कुणाचा आहे? काठीच्या टोकाने ओठ फाटला तर चार मिनिटं आणि खांद्याने माणूस बेशुद्ध झाला तर आधी त्याची मान तपासायची, हे मला उलगडत नाही. हा मुद्दा माझा एकटीचा नाही. मॉन्ट्रियलचे महान गोलरक्षक आणि नंतर कॅनडाच्या संसदेत गेलेले केन ड्रायडन २०२५ मध्ये वारले, तोवर हेच सांगत राहिले: डोक्याला आघात म्हणजे पेनल्टी, सबब चालणार नाही. मेंदूला हेतू कळत नाही.

विरोधकांचं म्हणणं फालतू नाही. चाराचा खांदा निम्म्या लीगच्या हनुवटीला यायचा, त्याने काय गुडघ्यांवर बसून खेळायचं होतं? शेवटच्या क्षणी कुणी मुद्दाम डोकं खाली घातलं तर? धडकेची भीती गेली तर रिंकच्या मधून कुणीही बिनधास्त पळेल आणि बचावाची कलाच मरेल. यांतल्या शेवटच्या मुद्द्याशी मी अडखळते, कारण मलाही तो अलगद रेटलेला चेक आवडतो. पण पेनल्टी म्हणजे फाशी नव्हे. दोन मिनिटं बाहेर बसायचं आहे. निलंबनासाठी हेतू, कोन, आधीचा इतिहास जरूर बघा, दोन मिनिटांसाठी कशाला? आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत डोक्यावरच्या धडकेला जास्त कडक वागवतात आणि तिथला खेळ काही बुळबुळीत दिसत नाही.

हे एनएचएलमध्ये होईल का? झालं तरी सावकाश. १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टर्टन धडकेनंतर डोक्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटची सक्ती आली १९७९ मध्ये आणि तीही फक्त नव्याने येणाऱ्यांना. जुन्यांना मुभा. शेवटचा उघड्या डोक्याचा खेळाडू, क्रेग मॅकटॅव्हिश, १९९७ मध्ये निवृत्त झाला. डोळ्यांपुढच्या पारदर्शक झडपेची सक्ती २०१३ मध्ये, पुन्हा नव्यांनाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन अ‍ॅडम जॉन्सन गेला, त्यानंतर गळपट्टीची सक्ती ठरली ती २०२६-२७ पासून, परत नव्यांना. आमच्या वाड्यात शौचालय दुरुस्तीचे ठराव याच गतीने होत.

मुलांच्या खेळात मात्र वारं लवकर फिरलं. २०१० मध्ये कॅल्गरीच्या संशोधकांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांची तुलना केली. अल्बर्टात त्या वयात चेक चालायचा, क्यूबेकमध्ये नाही. चेक चालणाऱ्या प्रांतात दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने त्या वयोगटातून चेक काढून टाकला, तेव्हाही काही बाप ओरडले होते की पोरं उशिरा शिकतील आणि जास्त मार खातील.

आमचा मुलगा तेरा पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा चेक शिकला. सरावाला मी काचेमागे कॉफी घेऊन उभी होते. प्रशिक्षक सगळ्यांना भिंतीशी उभं करून दाखवत होता: पक काढायला जाताना भिंतीला काटकोनात जाऊ नका, तिरपे जा, हात वर घ्या, हनुवटी उचला. मग जोड्या लावल्या. समोरचा भिंतीकडे तोंड करून उभा असेल तर थांबायचं, वेग मारायचा, बाजूने जायचं. इथल्या बऱ्याच पोरांच्या जर्सीवर, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध, एक लाल अष्टकोनी बिल्ला शिवलेला असतो. चौकात असतो तसाच, वर पांढऱ्या अक्षरांत 'स्टॉप'. ओंटारियोतल्या विंडसर शहरात १९९० च्या दशकात ही कल्पना निघाली. घरी आल्यावर मी जर्सी धुवायला टाकली तेव्हा त्या बिल्ल्याची एक कड उसवली होती, ती रात्री शिवून दिली. मुलगा म्हणाला, "मोठ्यांच्या जर्सीवर हे नसतं, आई. तिथे नाव असतं."